बिटरबल तळताना फुटतो कुठे?

बटाटेवड्याचं आवरण कुठे फाटलं तरी फारसं बिघडत नाही. थोडा बटाटा करपतो, तेल गढूळ होतं, वडा मात्र वडाच राहतो. बिटरबल या तळलेल्या डच गोळ्याचं तसं नाही. त्याला टाचणीएवढी भेग पडली की पाच-दहा सेकंदांत आतलं सगळं तेलात आणि झाऱ्यावर नुसतं पोकळ टरफल. कारण त्याच्या आत सारण नसतं, रस्सा असतो. फ्रिजमधून काढताना तो लाडवासारखा घट्ट असतो आणि ताटलीत येतो तेव्हा चमच्याने खाता येईल इतका सैल. बिटरबल करणं म्हणजे हा रस्सा योग्य वेळी गोठवणं आणि योग्य वेळी वितळवणं. खाली जी मापं आणि वेळा दिल्या आहेत त्या घरच्या स्वयंपाकघरात घाणामागून घाणा करून बसलेल्या आहेत, चुका धरून.

आधी नाव. नेदरलँड्समध्ये एकाला बिटरबल म्हणतात, अनेकांना बिटरबलन. चव कडू अजिबात नसते. जडीबुटी घातलेल्या कडसर दारूला तिकडे ‘बिटर’ म्हणायची पद्धत, आणि तिच्यासोबत तोंडात टाकायला जे ठेवायचे ते बिटरचे गोळे. आजही कॅफेत चीज, सॉसेजच्या चकत्या आणि तळलेले गोळे एका ताटात मागवले की त्याला ‘बिटरगार्नितूर’ म्हणतात. आपल्या भाषेत चखणा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावरच्या ‘बोरल’मध्ये, म्हणजे पिता-पिता गप्पा मारायच्या बैठकीत, हे ताट आलं नाही तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

बिटरबलचा थोरला भाऊ म्हणजे क्रोकेट. आत तोच रस्सा, फक्त आकार बोटासारखा लांबट. शब्द फ्रेंच आहे, कुरकुर वाजवत चावणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. उरलेलं मांस घट्ट सॉसमध्ये कालवायचं, गार करायचं आणि घोळवून तळायचं, ही एकोणिसाव्या शतकातल्या खात्यापित्या घरांतली युक्ती. क्वेकेबोम नावाच्या आम्स्टरडॅमच्या बेकरीवाल्याने १९०९ मध्ये फ्रान्समध्ये असा क्रोकेट पाहिला आणि घरी येऊन गोमांसाचा क्रोकेट विकायला काढला, असं सांगतात. आम्स्टरडॅममधलंच व्हान डोबेन हे क्रोकेटचं दुकान १९४५ चं. भिंतीतल्या छोट्या काचेच्या खणात नाणं टाकून गरम क्रोकेट काढून घ्यायचा, ही सोय ज्या फेबो या दुकानसाखळीमुळे घरोघरी माहीत झाली ती १९४१ मध्ये बेकरी म्हणून सुरू झाली होती. फेबो हे नाव फेर्डिनांड बोल या रस्त्याच्या नावातून काढलेलं. महायुद्धानंतर कारखान्यांतून माल निघायला लागला आणि क्रोकेट श्रीमंतांच्या ताटातून रस्त्यावर आला.

डच लोकांबरोबर हा पदार्थ इंडोनेशियात गेला आणि तिथे बटाट्याचा झाला. गोव्यातले क्रोकेत याच फ्रेंच नावाचे, पण पोर्तुगीज वाटेने आलेले. त्यात शिजवून वाटलेलं मांस मसाल्यात मळून रव्यात किंवा चुऱ्यात घोळवतात, आत रस्सा नसतो. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण बिटरबल करताना ‘बांधून येत नाही, थोडा बटाटा घालू’ हा मोह झाला की तिथेच बिटरबल संपतो आणि कटलेट सुरू होतं.

पहिला दिवस मांसाचा. साधारण ४० गोळ्यांसाठी ६०० ग्रॅम बिनहाडाचं मांस लागतं, पायाच्या नळीभोवतीचं, भरपूर शिरा असलेलं. तिकडे गाईचं किंवा वासराचं वापरतात. बोकडाच्या नळीच्या मांसाचेही चांगले होतात. लुसलुशीत, महाग तुकडा इथे वाया जातो, कारण शिरांमधला चिकटपणाच पुढे रस्सा धरून ठेवणार आहे. सव्वा लिटर पाणी, एक कांदा, एक गाजर, सेलेरीची काडी, दोन तमालपत्रं, दहा-बारा मिरे आणि एक लवंग. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. मधूनच एखादा बुडबुडा फुटेल एवढ्याच आचेवर तीन ते साडेतीन तास. कुकरमध्ये पाऊण तासात मांस शिजतं, पण अळणी, म्हणजे मांस शिजवलेलं पाणी, गढूळ निघते. ती दोनदा फडक्यातून गाळली तर चालते.

मांस काट्याने ओढल्यावर धागे सुटले पाहिजेत. मग ते बाहेर काढून, हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर उलगडायचं आणि सुरीने अर्धा-पाऊण सेंटीमीटरचे धागे करायचे. मिक्सरला लावायचं नाही. खिम्याचा लगदा झाला की जिभेला मांस कळतच नाही, नुसती पेस्ट लागते. उलट लांब धागे ठेवले तर वळताना ते गोळ्याबाहेर डोकावतात, आणि जिथे धागा बाहेर तिथेच कवचाला भेग. फुटण्याचं हे पहिलं कारण इतक्या आधी पेरलं जातं. शिजून, चरबी काढून ३०० ग्रॅम मांस हाती यायला हवं. अळणी गाळून, वरची चरबी काढून, आटवून बरोबर ५०० मिलिलिटर करायची. अंदाजाने नको, मापाच्या भांड्यात ओतून बघायची. पन्नास मिलिलिटर जास्त राहिली तरी दुसऱ्या दिवशी गोळा हातात बसत नाही.

आता रस्सा बांधायचा. तिकडचे आचारी या घट्ट मिश्रणाला ‘साल्पिकॉन’ म्हणतात. जाड बुडाच्या पातेल्यात ६५ ग्रॅम लोणी, त्यात बारीक चिरलेले दोन छोटे कांदे मऊ होईपर्यंत परतायचे. रंग येऊ द्यायचा नाही. मग ७० ग्रॅम मैदा. मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहायचं, कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजक्या बिस्किटासारखा वास येईपर्यंत. बेसनाच्या लाडवासारखा तांबूस भाजायचा हात आपल्याला असतो, तो इथे आवरावा लागतो. मैदा जितका जास्त भाजला जातो तितकी त्याची घट्ट करायची ताकद कमी होते.

अळणी गरम असावी आणि चार हप्त्यांत घालावी. पहिल्या हप्त्याला गोळा होतो, घाबरायचं नाही, रवी बाजूला ठेवून लाकडी उलथन्याने घोटायचं. दुसऱ्याला तो ताणल्यासारखा होतो. तिसऱ्या-चौथ्याला गुळगुळीत. गुठळ्या होतात त्या दुसरा हप्ता पहिला जिरायच्या आत ओतल्यामुळे. सगळी अळणी गेल्यावर आणखी पाच मिनिटं मंद आचेवर खदखदू द्यायचं. हे टाळलं तर खाताना जिभेवर पिठूळपणा राहतो. उलथनं बुडावरून ओढलं की मागे वाट पडावी आणि ती दोन सेकंद तशीच दिसावी, ही खूण.

आता चार पानं जिलेटिन, साधारण ७ ग्रॅम, गार पाण्यात पाच मिनिटं भिजवून, पिळून, आच बंद करून घालायचं. पूड असेल तर तेवढ्याच वजनाची, दोन चमचे पाण्यात फुगवून. मग मांसाचे धागे, मूठभर बारीक चिरलेली पार्सली, पाव चमचा ताजं किसलेलं जायफळ, भरपूर मिरपूड, चमचाभर वुस्टर सॉस, थोडा लिंबूरस आणि मीठ. मिठाची चव गरम असतानाच बघायची, कारण खाणार गरमच.

आणि चाखायला घेतलेला चमचा परत पातेल्यात घालायचा नाही. उष्ट्याचा विधिनिषेध आपल्याला शिकवावा लागत नाही, पण इथे त्यामागे पक्कं कारण आहे. लाळेतलं एक पाचकद्रव्य पिष्ट तोडतं. कढत रश्श्यात ते निकामी होतं. रस्सा कोमट झाला असताना उष्टा चमचा फिरला तर रात्रीतून मिश्रणाला पाणी सुटू शकतं. सकाळी ट्रे वाकडा केला आणि कडेला पाणी दिसलं तर आधी हेच आठवावं, मग मैद्याला दोष द्यावा.

शाकाहारी करायचे असतील तर ऑइस्टर मशरूम हाताने फाडून, कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून ३०० ग्रॅम भरतील इतके घ्यावेत. कच्चे ७०० ग्रॅम तरी लागतात. भाज्यांच्या अळणीत वाळलेले मशरूम भिजवले तर चव खोल येते. जिलेटिन जनावराचं असतं, म्हणून ते वर्ज्य. त्याऐवजी चायना ग्रास घालावंसं वाटतं, पण घालू नये. जिलेटिन शरीराच्या उष्णतेलाही वितळतं, चायना ग्रासला मात्र ८५ अंशांच्या आसपास तापावं लागतं, आणि तळताना गोळ्याच्या पोटात तेवढी उष्णता पोहोचेलच असं नाही. मग आत रस्सा न होता खरवसाच्या वडीसारखे तुकडे राहतात. त्यापेक्षा मैदा ७० ऐवजी ९० ग्रॅम करावा. थोडा जड होतो, पण वाहतो. कॅफेत मागवताना शाकाहारी माणसाने जिलेटिनचंही विचारावं. अंडं कवचात असतंच, हे गृहीत धरावं.

मिश्रण पसरट ट्रेमध्ये दोन सेंटीमीटर जाडीचं ओतायचं. खोलगट भांड्यात ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि मांसाचा पदार्थ तसा राहणं धोक्याचं. वर प्लॅस्टिकचा कागद थेट पृष्ठभागाला चिकटवून लावायचा, हवा न ठेवता. नाहीतर साय धरते, आणि सायीचे तुकडे गोळ्यात कडक खड्यांसारखे लागतात. वाफ जिरली की ट्रे फ्रिजमध्ये. सहा तासांत काम होतं, रात्रभर ठेवलं तर वळताना फरक कळतो. पाहुणे संध्याकाळी येणार म्हणून सकाळी सुरुवात करणाऱ्याने समोसे करावेत.

दुसरा दिवस हाताचा. ट्रेमधल्या मिश्रणाच्या चौकोनी वड्या पाडायच्या, प्रत्येक २२ ग्रॅमची. पहिल्या चार-पाच काट्यावर तोलल्या की पुढे नजर बसते. वळल्यावर साडेतीन सेंटीमीटर व्यासाचा गोळा होतो, दोन थर कवच चढल्यावर चार. यापेक्षा मोठा केला तर आत गरम होईपर्यंत बाहेर करपतो. हात गार पाण्यात बुडवून झटकायचे आणि लाडू वळतो तसा वळायचा, पण दाबायचं नाही आणि रेंगाळायचं नाही. तळहाताच्या उबेनेच जिलेटिन सुटायला लागतं, चौथ्या-पाचव्या फेरीला गोळा चिकट होतो. म्हणून एका वेळी दहाच वड्या बाहेर काढायच्या, बाकीचा ट्रे फ्रिजमध्ये. वळलेले गोळे ताटात एकमेकांना न चिकटता ठेवून अर्धा तास फ्रीझरमध्ये. दगड करायचे नाहीत, बाहेरून टणक व्हायला हवेत.

कवचासाठी तीन ताटल्या. पहिलीत ६० ग्रॅम मैदा. दुसरीत पाच अंड्यांचा पांढरा बलक, एक चमचा तेल आणि एक चमचा पाणी घालून काट्याने मोडलेला. फेस आणायचा नाही, फेसाचे बुडबुडे म्हणजे कवचातली भोकं. पिवळा बलक वगळायचा, पांढऱ्याचा पापुद्रा जास्त घट्ट बसतो. तिसरीत ३०० ग्रॅम ब्रेडचा चुरा, अगदी बारीक. डच दुकानात या चुऱ्याच्या पाकिटावर ‘पानेरमेल’ लिहिलेलं असतं आणि त्याच्या स्पेलिंगची सुरुवातीची सहा अक्षरं हुबेहूब आपल्या पनीरसारखी असतात. नव्याने गेलेला माणूस ते पाकीट एकदा तरी वळवून बघतोच. घरी चुरा करायचा तर पाव कडक वाळवून, दळून, रव्याच्या चाळणीने चाळावा. जाडसर जपानी चुरा दिसायला झकास, पण त्याच्या दोन कणांमध्ये फट राहते. वड्या-कटलेटला ती चालते, इथे नाही.

मैद्यात घोळवून जास्तीचा झटकायचा. मैद्याचा थर जाड राहिला तर तळल्यावर कवच आणि रस्सा वेगळे होतात. मग अंडं, मग चुरा, पुन्हा अंडं, पुन्हा चुरा. दोन थर हवेतच. एका थराने तळलेले दहापैकी निम्मे फुटले तर आश्चर्य मानू नये. एक हात ओल्यासाठी, एक कोरड्यासाठी ठेवायचा, नाहीतर सहाव्या गोळ्याला बोटांचेच बिटरबल होतात. चुऱ्यात गोळा ठेवल्यावर वरून चुरा ओतून हलक्या हाताने कवटाळायचा, म्हणजे तो सगळीकडून घट्ट बसतो. प्रत्येक गोळा उजेडाकडे फिरवून बघायचा. कुठे ओलसर काळपट ठिपका दिसला तर तिथे चुरा बसलेला नाही. बोटाने अंड्याचा थेंब आणि चिमूटभर चुरा लावून ती जागा बुजवायची. मग पुन्हा अर्धा तास फ्रिज. या वेळात चुरा अंड्यातला ओलावा पितो आणि थर एकजीव होतो. घोळवला की लगेच तेलात सोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

तळण. दीड लिटर सूर्यफुलाचं तेल, खोल कढई, आणि तापमापक हवाच. १८० अंश. एका वेळी सहाच. सहा थंड गोळे पडले की तेल १६५ च्या आसपास उतरतं आणि दीडेक मिनिटात सावरतं. बारा टाकले तर १५० वर जातं, सावरायला वेळ लागतो, तोवर अंड्याचा पापुद्रा धरत नाही, चुरा तेल पितो आणि रस्सा मात्र आतून वितळायला लागलेला असतो. उलट २०० अंशांवर दीड मिनिटात रंग येतो आणि चावल्यावर आत फ्रिज लागतो.

पहिलं मिनिट हात लावायचा नाही. झाऱ्याने हलवलं की कच्च्या कवचाला ओरखडा गेलाच. मग एकदा हलकेच फिरवायचे. तीन ते साडेतीन मिनिटांत सोनेरी-तपकिरी. पण घड्याळापेक्षा कवचाकडे बघावं. आत रस्सा उकळू लागला की वाफ वाट शोधते, आणि फुटण्याच्या आधी एखाद्या गोळ्यावर मोहरीएवढा ओला मणी येतो, शेजारी बारीक फसफस सुरू होते. तो मणी दिसला की तो गोळा त्याच क्षणी बाहेर, रंग कमी असला तरी. तो आतून झालेला आहे. मणी दिसूनही ‘अजून जरा रंग येऊ दे’ म्हणणाऱ्याला टरफल मिळतं.

फ्रीझरमधले दगड झालेले गोळे तळताना आच १७० वर ठेवून पाच ते सहा मिनिटं, एका वेळी चारच. एअरफ्रायरमध्ये घरचे बिटरबल करू नयेत. तेलाशिवाय कवच धरायला इतका वेळ जातो की रस्सा आधी बाहेर येतो. दुकानात ओव्हनचे म्हणून मिळतात ते कारखान्यात आधी तळलेले असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

काढलेले गोळे कागदावर सुटे ठेवायचे. डब्यात भरले किंवा वर ताट झाकलं तर स्वतःच्याच वाफेने दोन मिनिटांत लोळागोळा होतात. आणि दोन मिनिटं खरोखर थांबायचं. बाहेरचं कवच बोटाला सोसतं म्हणून आख्खा तोंडात टाकला की टाळू भाजते. जाणकार टोकाला एक छोटा चावा घेतात, वाफ जाऊ देतात, मग त्या भोकातून मोहरीचा सॉस आत जाईल असा बुडवतात. सोबत मोहरीच, दाणेदार, आंबूस. टोमॅटो केचपने काही बिघडत नाही, पण लोणी आणि मांसाच्या चिकट चवीला मोहरीचा झणका आणि आंबटपणाच कापतो. केचप त्यावर नुसती साखर ठेवतो. पिणारे सोबत बिअरचा छोटा ग्लास घेतात, नाहीतर येनेव्हर ही तिकडची कडक दारू, जिचा ट्युलिपच्या आकाराचा ग्लास इतका काठोकाठ भरतात की पहिला घोट ग्लास न उचलता, वाकूनच घ्यावा लागतो.

वड्या पाडून कडेचं जे वेडंवाकडं मिश्रण उरतं त्याचे १०० ग्रॅमचे, दहा सेंटीमीटर लांबीचे क्रोकेट करावेत. तेच दोन थर, तेच १८० अंश, वेळ मात्र साडेचार-पाच मिनिटं. मऊ पांढरा पाव आडवा कापून त्यात क्रोकेट ठेवायचा, काट्याने दाबून फोडायचा आणि वर मोहरी. एवढा सगळा खटाटोप रस्सा आत राहावा म्हणून केलेला असतो, आणि इथे तो मुद्दाम पावावर सांडायचा.